गाडी कोणी थांबवली?

बोलतोय तो ब्रेकच, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. तुमच्या ओळखीचा ब्रेक गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो. मी त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली असतो. कधी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसला असाल तर आपली भेट झालेली आहे. तुम्हाला ती आठवणार नाही, कारण त्या वेळी तुमचे डोळे रस्त्यावर होते आणि जीव मुठीत होता. मला मात्र तुम्ही सगळे आठवता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची हाडं आज धड आहेत ती माझ्यामुळे, हे मी न लाजता सांगतो.

गाडी कारखान्यातून आली तेव्हा मी तिच्यात नव्हतो. कुठल्याच गाडीत मी जन्मापासून नसतो. एका गॅरेजमध्ये फिटरने लोखंडाची जाड पट्टी वाकवली, भंगारातल्या ट्रकच्या पेडलचं रबर काढून तिच्यावर चढवलं आणि पोलादी तारेने मला थोरल्याशी, म्हणजे चालवणाऱ्याच्या ब्रेकशी जोडलं. तेव्हा मी झालो. फिटरने चार-पाच वेळा दणादण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "लागला कामाला. मास्तर, आता यमराज जरी शिकायला आला तरी घाबरू नका."

आमच्या दोघांचं नातं असं आहे. मी दबलो की थोरलाही दबतो. पण थोरला दाबला तर मी जागचा हलत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

माझे मालक म्हणजे मास्तर. एका खोलीचं ऑफिस, दारासमोर उभी असलेली आमची एकुलती एक गाडी आणि गावभर पसरलेले त्यांचे शिष्य, एवढी त्यांची दौलत. मास्तर कॅनव्हासचे पातळ तळाचे बूट घालत. पायाला गाडी कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः ज्याच्याकडे शिकले तो माणूस कचकन ब्रेक मारायचा आणि मानेवर एक ठेवून द्यायचा. तेव्हाच मास्तरांनी ठरवलं होतं, आपण शिकवायला लागलो तर असं कधी करायचं नाही. शिकणाऱ्याचा धीर सुटला की गाडीही सुटली, हे त्यांचं आवडतं वाक्य.

म्हणून मास्तरांचा पाय मऊ होता. इतका मऊ आणि इतका लवकर पडणारा, की समोर सायकल आडवी येतेय हे शिकणाऱ्याच्या डोक्यात शिरायच्या आत मी अर्धा दबलेला असे. आता गंमत बघा. शिकणाऱ्याचा पाय थोरल्यावर येऊन नुसता टेकतो. मी दबलो की त्याच्या तळव्याखालचं पेडल अलगद खाली जातं. गाडी थांबते. त्याला काय वाटेल? त्याला वाटतं, आपणच दाबलं. आणि मास्तर वर म्हणत, "शाब्बास! काय वेळेवर दाबलंत!"

प्राध्यापक आले, दुकानदार आले, लग्न ठरलेली पोरं आली, सून झालेल्या मुली आल्या. सगळ्यांना वाटलं, आपण दाबलं. क्वचित मास्तरांचा पाय जरा जोरात पडलाच आणि गाडी हिसका खाऊन थांबली, तर शेजारून वाक्य ठरलेलं: "मी दाबलाच होता!" एकाही माणसाने मला कधी "अरे, तू होतास होय!" असं म्हटलं नाही. मला मानपानाची हौस नाही. पण या खोट्या शाब्बासकीचा मला राग येई. गाडी मी थांबवायची आणि छाती त्यांची फुगायची, ठीक आहे. पण उद्या हा माणूस ज्या गाडीत बसणार आहे तिच्यात मी नसणार, हे कुणी लक्षातच घेत नव्हतं.

मास्तरांची मुलगी दुपारच्या बॅचला शिकवायची. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा पाय म्हणजे दणका. चूक झाली की कचकन, आणि लगेच, "हे मी दाबलं. तुम्ही नाही." त्यामुळे लोक ऑफिसात येऊन हळूच सांगत, "आम्हाला सकाळी मास्तरांबरोबरच द्या हो. ताईंबरोबर गाडी जमतच नाही." मास्तर मिशीत हसत.

मास्तरांची आणखी एक लाडकी समजूत होती. बेधडक बसतो तो खरा चालक, बिचकतो तो कायमचा कच्चा. कापडदुकानाचा धाकटा मालक पहिल्याच दिवशी एका हाताने स्टिअरिंग धरून बसला, तर मास्तर इतके खूश झाले की त्याचं नाव त्यांनी तिथल्या तिथे 'राजे' ठेवलं. याउलट निवृत्त ग्रंथपाल काका. ते गाडी सुरू करण्याआधी तिन्ही आरशांत बघत, मग मान वळवून मागे बघत, मग पुन्हा आरशांत. मास्तर म्हणत, "काका, गाडी आहे ही, पुस्तक नाही. पान उलटायला एवढा वेळ?" राजे कुणाला धडकता धडकता वाचले की ते मास्तरांच्या मनात उमटतच नसे. काका एकदा चढावर बंद पडले होते, ते मात्र चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. एखादी समजूत आवडती झाली की तिला दुखवेल असं काही त्यांना दिसेनासंच होतं, आणि त्यांचे डोळे म्हणे उत्तम असतात.

राजे पहिल्या झटक्यात पास झाले. नवी कोरी गाडी घेतली. आणि काही दिवसांनी एका उताराच्या तळाशी उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला जाऊन धडकले. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, राजेंचा पाय मात्र मोडला.

प्लास्टर घातलेला पाय आणि काखेत कुबडी अशा थाटात ते एक दिवस ऑफिसात आले. ताई बाहेर माझ्या गाडीची काच पुसत होती. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय राजे, हे कसं झालं?"

"काय सांगू मास्तर! माझी चूक म्हणाल तर काडीची नाही. गाडीच भिकार निघाली. तुमच्या या जुन्या गाडीचा ब्रेक कसला होता, नुसतं मनात आलं की लागायचा! त्या नव्या गाडीचा पाय ठेवला तरी लागत नाही."

"हल्ली बनवतात कुठे नीट?" मास्तर म्हणाले. "पत्रा बघा. बोटाने दाबला तर खड्डा पडतो."

काचेवरून फिरणारा ताईचा हात थांबला. राजे कुबडी टेकत गेले तशी ती फडकं हातात घेऊनच आत गेली.

"बाबा, मनात आलं की लागणारा ब्रेक कुठला, कळलं का?"

"कुठला?"

"तुमच्या पायाखालचा."

मास्तर हसले. "अगं, त्याच्या वेळेला मी दाबलाय किती! बोटांवर मोजण्याइतका. उपजत चालक होता तो."

"उपजत चालकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

"एकेकाचं नशीब असतं."

ताई परत काच पुसायला गेली. पण त्या दिवसापासून ती सकाळच्या बॅचला मागच्या सीटवर बसायला लागली. आणि त्या बॅचमध्ये तेव्हा सिस्टर होत्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. त्यांची बदली डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात झाली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. घाटातला वळणावळणाचा रस्ता, वर जायला नियमित वाहन नाही, म्हणून त्यांच्या दादाने आपली जुनी छोटी गाडी देऊ केली होती. ती रोज एकटीने चालवत न्यायची. लायसन्सची टेस्ट सोमवारी होती. सिस्टरांचा झपाटा मोठा. "रडणाऱ्या पोराच्या दंडात सुई मारताना माझा हात थरथरत नाही, स्टिअरिंगचं काय घेऊन बसलात!" असं त्या म्हणत. मास्तर सर्वांना सांगत, "हिला शिकवायचं काय? नुसतं शेजारी बसायचं."

मास्तर नुसते बसत नव्हते, हे मी सांगू शकलो असतो. पण मला तोंड कुठे होतं?

"बाबा, सिस्टरांना सोमवारी टेस्टला बसवू नका," ताई म्हणाली.

"का बरं? तिच्याइतकी चांगली शिष्या मला..."

"सगळं ब्रेक मारणं तुमचं चाललंय. त्या घाटात एकट्या असणार आहेत."

"तिच्या वेळेला मी एक-दोनदा दाबतो, फार तर. माझा पाय, मला माहीत नसणार?"

"मग बेल लावू. पाय पडला की वाजेल. एक-दोनदा वाजली तर मी पुन्हा या विषयावर बोलणार नाही."

"लाव की! घंटा लाव, नगारा लाव!"

तोच फिटर आला. ताईने त्याच्या हातात घराच्या दाराला लावतात तसली बेल ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. "ही गाडीत? पाहुणे येणार आहेत का?" पण त्याने माझ्या पोटाखाली बटण बसवलं, तार ओढली आणि मास्तरांनी पाय ठेवला.

टिंगटाँग!

आजवर मी मुका होतो. मला कंठ फुटला, आणि तोही असला! चालेल. मी तक्रार करणाऱ्यांतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिले ग्रंथपाल काका. फाटकातून बाहेर, बाजाराच्या तोंडाशी, शाळेसमोर, परत ऑफिसापाशी. बेलचा आवाज नाही. मास्तर अस्वस्थ.

"बेल बिघडली," ते म्हणाले आणि उभ्या गाडीत त्यांनी मला मुद्दाम दाबलं.

टिंगटाँग!

काका दचकले. "माफ करा हं, माझ्याकडून काही..."

"तुमच्याकडून काही नाही झालं, काका," मागून ताई म्हणाली. "आवाज बाबांनी काढला."

मग सिस्टर बसल्या. फाटकातून बाहेर पडतानाच टिंगटाँग. "कोण आलंय बघा, मास्तर," त्या हसून म्हणाल्या. कोपऱ्यावर दुसऱ्यांदा. "आज पाहुण्यांची गर्दी आहे!" बाजारात फळांची हातगाडी आडवी आली, तेव्हा वाजली. शाळेपाशी वाजली. वळणावर, चौकात, उभ्या बसच्या मागे वाजतच राहिली. सिस्टरांचं हसणं आटलं.

"मास्तर, वाजवू नका ना! मी दाबणारच होते."

"मी कुठे वाजवतोय? माझा पाय तर इकडे..." असं म्हणत मास्तरांनी खाली पाहिलं.

पाय माझ्यावर होता.

आपल्याच घरात अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसं मास्तर आपल्या पायाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा पाय त्यांना न विचारताच काम करत होता. इथे मला ओरडून सांगावंसं वाटतं. त्या गाडीत कुणीही खोटं बोलत नव्हतं! सिस्टर खऱ्या, मास्तर खरे. दोन प्रामाणिक माणसं शेजारी शेजारी बसून स्वतःविषयी साफ चुकीचं बोलत होती, आणि दोघांनाही शपथेवर तेच सांगता आलं असतं. खोटारड्याला पकडणं त्यापेक्षा सोपं. तो निदान खरं काय ते जाणून असतो.

गाडी थांबली तशी सिस्टर दार उघडत म्हणाल्या, "ही बेल मला घाबरवायला लावली आहे. मी घाबरणाऱ्यांतली नाही. सोमवारी टेस्ट देणार म्हणजे देणार." मास्तर नुसतं "बघू" म्हणाले. इतका छोटा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

टेस्टच्या आदल्या दिवशी ताईने गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात आणायला सांगितली. वाण्याकडून रिकामी पुठ्ठ्याची खोकी आणून तिने एकावर एक अशी आडवी भिंत रचली.

"सिस्टर, रस्त्यावर चालवता त्याच वेगाने या. खोक्यांच्या अलीकडे थांबायचं."

"एवढंच?"

"एवढंच. बाबा, तुम्ही पाय वर घ्या."

मास्तरांनी सीटवर मांडी घातली. माझ्यावर कुणाचाच भार नव्हता. अशा वेळी मला बरं वाटायला हवं होतं. पण मी फिटरच्या हातून घडलोय ते थांबवण्यासाठी, आणि समोर भिंत येत होती.

सिस्टरांचा पाय वेळेवर थोरल्यावर आला. हे मला त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, अगदी वेळेवर आला. पण तो नेहमीसारखा नुसता टेकला आणि पेडल खाली जाण्याची वाट बघत राहिला. पेडल गेलं नाही. मास्तरांची मांडी सुटायला लागली. मागून ताई ओरडली, "बाबा, पाय वर!" मग धडाधड आवाज झाले, खोकी टपावरून उडाली, आणि सिस्टरांनी सर्वांगाचा जोर लावून पेडल दाबलं तेव्हा आम्ही भिंतीच्या पलीकडे होतो.

इंजिन बंद पडलं. एक खोकं पुढच्या चाकाखाली अडकलं होतं. सिस्टर उतरल्या, त्यांनी ते ओढून काढलं आणि उभं केलं. त्यांच्या कमरेला लागेल एवढं ते खोकं, वरून चेपलेलं. केंद्रावर लस टोचून घ्यायला येणारी पोरं तेवढ्याच उंचीची असतात. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

"मास्तर, पेडल खाली गेलंच नाही."

"ते आपोआप जात नसतं, सिस्टर. मी नेत होतो."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"मलाच माहीत नव्हतं."

"असं कसं माहीत नसेल?"

"तुम्हाला तरी कुठे होतं?"

सिस्टरांनी ते खोकं मास्तरांपुढे सरकवलं. मास्तर चेपलेल्या खोक्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला शाब्बास म्हणायचो ना, ते दर वेळी मी मलाच म्हणत होतो. चूक माझी आहे. तुमच्याकडून मी शिकणंच काढून घेतलं."

"पण मला एक तारखेला रुजू व्हायचंय हो! वर पोचायला दुसरं काही नाही."

"दुधाची गाडी जाते पहाटे," ताई म्हणाली.

"कॅनच्या मध्ये बसून जाऊ?"

"काही आठवडे."

सिस्टरांनी पुन्हा एकदा खोक्याकडे पाहिलं. मग त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "टेस्ट पुढे ढकला. आणि आता परत जाताना तुम्ही चालवा. मला अजून गाडी थांबवता येत नाही."

सुईला न थरथरणारी ती बाई हे बोलली, तेव्हा मला तिच्याविषयी पहिल्यांदा खात्री वाटली.

सिस्टर रोज पहाटे दुधाच्या कॅनच्या मध्ये बसून वर जात आणि परत आल्यावर संध्याकाळी आमच्या गाडीत येत. ताईने नवा नियम केला. फेरी संपली की आधी अंदाज सांगायचा, बेल किती वाजली असेल. शिकणाऱ्याने सांगायचा आणि मास्तरांनीही. मग मागे बसून मोजणारी ताई खरं सांगणार.

"दोनदा," सिस्टर म्हणाल्या.

"चार," मास्तर म्हणाले.

"चार तर बाजार यायच्या आधीच झाल्या!" ताई हसून लोटपोट.

पुढचे काही दिवस दोघंही असंच तोंडावर आपटत होती. मास्तर चिडून म्हणत, "तुझी मोजणी चुकते." मग हळूहळू अंदाज जवळ यायला लागले. आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. बेल वाजणं कमी व्हायच्या आधी अंदाज सुधारले. सिस्टरांना आधी आपलं न येणं दिसायला लागलं, येणं त्याच्या मागून आलं. त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "चौकात उजवीकडचं मला उशिरा दिसतं. तिथेच परत जाऊ." त्या आधी असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. कशाला म्हणतील? त्यांच्या मते चौकात त्या उत्तम थांबत होत्या!

मास्तर बेलवर खूश झाले असं नाही. एकदा तर त्यांनी तिची तारच काढून ठेवली होती आणि ताईने विचारल्यावर "उंदराने खाल्ली असेल" म्हणाले. "तार तुमच्या खिशातून लोंबतेय, बाबा," ताई म्हणाली. पण ग्रंथपाल काका एकही टिंगटाँग न होता पास झाले, त्या दिवशी मास्तर स्वतःहून टपरीवर जाऊन सांगून आले, "मी त्या माणसाला भलतंच समजत होतो."

आणि त्यांनी राजेंना बोलावून घेतलं. राजे अजून कुबडीवरच होते. मास्तरांनी त्यांना चालकाच्या सीटवर बसवलं, प्लास्टरमधला पाय बाजूला ठेवायला सांगितला आणि चांगला पाय थोरल्यावर नुसता टेकवायला लावला. मग स्वतः शेजारी आपल्या जागी जाऊन बसले आणि मला मऊ, अगदी जुन्या पद्धतीने दाबलं.

टिंगटाँग. राजेंच्या तळव्याखालून पेडल खाली गेलं.

राजेंनी खाली पाहिलं. मास्तरांनी परत दाबलं. परत गेलं.

"म्हणजे... ती गाडी..."

"गाडी बरी आहे, राजे."

"अहो, मी शोरूमवाल्याशी इतके दिवस भांडतोय! काल त्याला चोर म्हणून आलो!"

"मग आता माफी मागायला जाऊ. मीही येतो, अर्धा वाटा माझा आहे."

राजेंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग त्यांनी ताईकडे वळून विचारलं, "दुपारच्या बॅचमध्ये जागा आहे का हो? पाय बरा झाल्यावर. पहिल्यापासून शिकायचंय."

सिस्टरांची शेवटची फेरी मास्तरांनी घाटात ठेवली. ताई मागे. वर जाताना सगळं ठीक. उतरताना एका आंधळ्या वळणावर अचानक शेताच्या वाटेवरून एक ट्रॅक्टर मागे मागे येत रस्त्यावर आला. मास्तरांचा पाय उचलला गेला. माझ्या रबराला त्याची ऊब जाणवली, इतका तो जवळ आला. आणि तिथेच थांबला, कारण गाडी थांबलेली होती. शेजारी थोरला तळापर्यंत दबला होता आणि मी जागचा हललो नव्हतो. ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून माफी मागितली आणि निघून गेला.

मास्तर शाब्बास म्हणाले नाहीत. त्यांनी पाय मागे घेतला.

पायथ्याशी आल्यावर ताईने विचारलं, "अंदाज?"

सिस्टरांनी विचार केला. "एकदाही नाही. पण ट्रॅक्टरपाशी मास्तरांचा पाय उठला होता."

"उठला होता," मास्तर म्हणाले.

"मला ट्रॅक्टर उशिराच दिसला. त्या वळणावर मी यापुढे आणखी हळू येणार."

मास्तरांनी मान डोलावली आणि ताईला म्हणाले, "आता हिला टेस्टला बसव."

सिस्टर पास झाल्या. आता त्या दादाच्या जुन्या गाडीतून रोज वर जातात. त्या गाडीत माझ्यासारखा कुणी नाही, आणि मला त्याची काळजी वाटत नाही. वाटत असती तर सांगितली असती.

मी अजून कामावर आहे. माझं रबर टाचेच्या बाजूने झिजलंय, तार एकदा बदलली, बेलही दोनदा बदलली. राजेंची बॅच सुरू झाली आहे आणि ते रोज अंदाजात चुकतात, पण रोज सांगतात. मास्तर अजून शिकवतात. लोक हल्ली ताईंची बॅच मागतात तेव्हा ते मिशीत हसत नाहीत, पण बॅच देतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला तर लायसन्स मिळून वर्षं झाली, आमचा तुझ्याशी संबंध काय? अहो, मी काय फक्त गाडीत असतो? तुमच्या शेजारी कुणीतरी बसलेलं आहे. घरात आई असेल, बायको किंवा नवरा असेल, ऑफिसात एखादी सहकारी असेल. तुम्ही चिडून लिहिलेला निरोप ती पाठवू देत नाही. तुम्ही विसरलेलं बिल तो भरून टाकतो. तुम्ही दिलेला शब्द दुसरं कुणीतरी धावपळ करून पाळतं. पेडल तुमच्या पायाखालून अलगद खाली जातं, आणि तुम्ही जगाला सांगत सुटता की माझं सगळं कसं वेळेवर असतं! त्यांच्या पायाखाली बेल नाही, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही.

तेव्हा आजच विचारा. टाळू नका, उद्यावर नेऊ नका. आधी स्वतःचा अंदाज मोठ्याने सांगा, आणि मग विचारा, "माझ्यासाठी तू किती वेळा दाबलंस?" समोरचं माणूस बहुतेक हसेल आणि म्हणेल, "छे, फारसं नाही." ते तुमच्यावर माया करणारं माणूस आहे, ते असंच म्हणणार.

तिथे उठून जाऊ नका. परत विचारा.